शुश्रूषा

घरात कोणी तापाने फणफणले की मराठी घरातले एक दृश्य पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहिले आहे. आजाऱ्याच्या उशाशी कोणीतरी बसलेले असते. कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी असते, वाटीत निवत चाललेली पेज असते आणि रात्रभर न निजलेली एक स्त्री घटकेघटकेला अंगाला हात लावून ताप उतरला की नाही ते पाहत असते. हे तिला कोणी शिकवलेले नसते. तिने आपल्या आईला असेच बसलेले पाहिलेले असते. शेजारीण येते, आजाऱ्याची विचारपूस करते आणि उशाशी बसलेलीलाही म्हणते, ‘तू दोन घास खाऊन घे, तोवर मी बसते.’ शरीराच्या दुखण्याभोवती समाजाने अशी एक अलिखित पद्धत उभी केली आहे. तिच्यात आजाऱ्याला जागा आहे, वैद्याला जागा आहे आणि उशाशी बसणाऱ्यालाही जागा आहे.

मनाचे दुखणे घरात आले की ही सारी पद्धत एकाएकी मोडून पडते. ताप हाताला लागतो. भीती हाताला लागत नाही. मुलगा महिनाभर कोणाशी बोलत नाही, सून पहाटे उठून खिडकीशी नुसती उभी राहते, वडील शेजाऱ्यांनी आपल्याविरुद्ध कट रचल्याचे सांगू लागतात. अशा वेळी उशी कोठे आणि बसायचे कोठे, हेच घराला उमगत नाही. शेजारीण येत नाही, कारण तिला सांगितलेलेच नसते. दार ओढून घेतले जाते, लग्नकार्याची आमंत्रणे टाळली जातात, आणि आजाऱ्याबरोबर सारे घरच हळूहळू अज्ञातवासात जाते.

भाषेनेही येथे फारशी साथ दिलेली नाही. रामदासांनी मनाला उद्देशून दोनशेहून अधिक श्लोक रचले. त्यांच्या आधी आणि नंतरही संतांनी मनाला समजावले, दटावले, गोंजारले. मनाला वळण लावण्याची शब्दसंपत्ती मराठीत विपुल आहे. परंतु मन दुखणाईत होते आणि दुखणाईत मनाची सेवा करावी लागते, हे सांगण्यासाठी रोजच्या व्यवहारात ‘वेड’, ‘डोक्यावर परिणाम’ आणि ‘बाहेरची बाधा’ एवढ्याच शब्दांवर दीर्घकाळ भागवले गेले. ज्या दुखण्याला धड नाव नाही, त्याच्या उशाशी बसणाऱ्याला तरी नाव कोठून मिळणार?

या निनावी माणसांचा इतिहास शोधू गेल्यास त्याचा एक धागा दक्षिण दिल्लीतल्या नेहरूनगरात सापडतो. तेथे मनोविकारांवर उपचार करणारी एक संस्था आहे. तिच्या नावातील ‘विद्यासागर’ हा शब्द वाचून बंगालच्या ईश्वरचंद्रांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पण हे विद्यासागर निराळे. डॉ. विद्या सागर हे १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी दिल्लीपासून फार दूर नसलेल्या रोहतकच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले.

अमृतसरचे ते रुग्णालय फाळणीच्या जखमा अंगावर वागवणारे होते. दोन्ही देशांनी आपापल्या मनोरुग्णांची अदलाबदल केली, तेव्हा लाहोरच्या रुग्णालयातील हिंदू आणि शीख रुग्ण अमृतसरला आणण्यात आले. सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेक सिंह’ या कथेचा विषय झालेली ती हीच अदलाबदल. रुग्णांपैकी कित्येकांची घरेच सीमेपलीकडे राहिली होती. ज्यांची घरे अलीकडे होती, त्यांचीही अवस्था फारशी वेगळी नव्हती. एकदा माणूस वेड्यांच्या इस्पितळात गेला की तो परतायचा नाही असे लोक धरून चालत, आणि नातलग त्याला फाटकाशी पोचवून जड पावलांनी परत फिरत. फाटकाच्या आत गर्दी वाढत होती आणि बाहेर विस्मरण.

विद्या सागरांनी यावर जो उपाय योजला तो दिसायला अगदी साधा होता. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातलगांना सांगितले की रुग्णाला सोडून जाऊ नका, त्याच्यासह येथेच राहा. पंजाबच्या खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे त्या तंबूंतून राहू लागली. मनोविकारांवरची नवी औषधे त्याच दशकात येऊ लागली होती. त्यांचा उपयोग होत होताच. परंतु त्या जोडीला डॉक्टर रोज या कुटुंबांना एकत्र बसवून त्यांच्याशी बोलत. आजार म्हणजे काय, तो कोणाच्या पापाचे फळ का नव्हे, तो परत उलटू लागला तर आधी काय दिसते, हे सारे ते लोकांच्या बोलीत, धर्मग्रंथांतील परिचित कथांचा आधार घेत समजावून सांगत. एका तंबूतील रुग्ण सावरताना शेजारच्या तंबूतील आई पाहत असे, आणि व्याख्यानाने जे झाले नसते ते त्या पाहण्याने होत असे. बरा होऊन निघालेला माणूस घरी जाई, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या आजाराचे ज्ञान असलेले एक घरही परत जाई.

विद्या सागरांनी फारसे लिहून ठेवले नाही. त्यांची गोष्ट पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि चाहत्यांनी सांगितली. दक्षिणेत वेलूरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रानेही १९५० च्या दशकाच्या अखेरीस रुग्णाबरोबर नातलगाने राहावे असाच आग्रह धरला. पश्चिमेत ज्या काळी रुग्णाला कुटुंबापासून दूर ठेवणे हेच उपचाराचे अंग मानले जात होते, त्या काळी येथे कुटुंबालाच उपचारात बसवून घेतले जात होते. त्यामागे तत्त्वज्ञान होते तसेच दारिद्र्यही होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परिचारिका पुरेशा नव्हत्या, म्हणून आई आणि भाऊ हवे होते. मात्र गरजेपोटी सापडलेले सत्य म्हणून ते उणे ठरत नाही.

खुद्द राजधानीत या काळात काय होते? यमुनेच्या पूर्वेला शाहदरा येथे १९६६ साली मनोरुग्णालय सुरू झाले आणि काही वर्षांतच ते रुग्णांच्या हालअपेष्टांसाठी ओळखले जाऊ लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशांतून त्या रुग्णालयाचे रूपांतर होऊन १९९३ साली मानवी वर्तन आणि संलग्न शास्त्रांची एक स्वायत्त संस्था तेथे उभी राहिली. १९१२ चा ‘ल्युनसी’ कायदा स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे चालत राहिला. त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा प्रत्यक्ष अमलात यायला १९९३ साल उजाडावे लागले. त्यानंतरही, २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. त्यांना तेथे आणून ठेवणारे त्यांचेच नातलग होते. ते निर्दय होते असे म्हणून मोकळे होता येत नाही. दर्ग्याच्या पुण्याईवर त्यांचा विश्वास होता आणि दुसरे दार त्यांना ठाऊक नव्हते. अमृतसरच्या तंबूतील आई आणि एरवाडीला मुलाला सोडून येणारी आई यांच्या मायेत अंतर नव्हते. अंतर होते ते एकीला जे सांगितले गेले आणि दुसरीला जे सांगितले गेले नाही त्यात.

हे सांगण्याचे काम रुग्णालयाबाहेर नेण्याचा पहिला पद्धतशीर प्रयोगही उत्तरेतच झाला. १९७५ साली चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने डॉ. नरेंद्र विग यांच्या पुढाकाराने हरियाणातील रायपूर रानी या भागात जागतिक आरोग्य संघटनेचा एक प्रकल्प हाती घेतला. खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि घरोघर फिरणारे आरोग्यसेवक यांना मनोविकार ओळखायला आणि साधे उपचार करायला शिकवता येते का, हा त्यातला प्रश्न होता. त्याच सुमारास बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने सकळवाडा येथे असेच काम आरंभले. या अनुभवातून १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आकाराला आला आणि १९९६ पासून जिल्हावार योजना सुरू झाली. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले की दर १०० प्रौढांमागे १० हून अधिक जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि बहुतेक विकारांत १०० पैकी ७० किंवा त्याहून अधिक माणसे उपचाराविना राहत होती. ही माणसे उघड्यावर नव्हती. ती घरात होती. त्यांच्याजवळ कोणी ना कोणी बसलेले होते.

घर औषध होऊ शकते तसे विषही होऊ शकते. लंडनमध्ये १९५० च्या दशकापासून झालेल्या संशोधनात असे दिसले होते की छिन्नमनस्कतेतून सावरून घरी परतलेला रुग्ण जर सतत टोचून बोलणाऱ्या किंवा अतोनात गुंतून पडणाऱ्या नातलगांत राहिला, तर त्याचा आजार उलटण्याचा संभव वाढतो. १९८० च्या दशकात हीच पाहणी चंडीगड आणि त्याच्या भोवतालच्या खेड्यांत करण्यात आली. लंडनच्या मानाने येथील कुटुंबांत टोचून बोलणे पुष्कळ कमी आढळले, आणि त्यातही शहरापेक्षा खेड्यात कमी. मोठे कुटुंब, वाटून घेतलेली कामे, माणसाकडून त्याच्या कुवतीइतकीच अपेक्षा ठेवणारी शेती, अशी कितीतरी कारणे यामागे असू शकतील. पण या निष्कर्षाने सुखावून जाण्यात अर्थ नाही. दिल्ली, नोएडा, गुडगाव, गाझियाबाद येथे आज जी कुटुंबे राहतात ती बहुतांशी दोन खोल्यांतील, चार माणसांची कुटुंबे आहेत. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही आजी-आजोबा सातारा-सोलापूरला असतात, काका-मावशा दूरध्वनीवर भेटतात, आणि दोघेही कामावर जाणाऱ्या आईबापांच्या वाट्याला जेव्हा असे दुखणे येते, तेव्हा ‘तोवर मी बसते’ म्हणणारे कोणी उरलेले नसते. खेड्यातील त्या मोठ्या घराने जे नकळत केले, ते या लहान घराला जाणून, शिकून करावे लागते.

म्हणजे नेमके काय शिकावे लागते? १९७६ साली दिल्लीत ‘संजीवनी’ नावाची एक संस्था निघाली. तिचे केंद्र डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखाली होते. पुलावरून वाहनांचा अखंड लोंढा जाई आणि खाली एखाद्या खोलीत दोन माणसे समोरासमोर बसलेली असत. त्यांतील एक संकटात सापडलेला अनोळखी माणूस आणि दुसरा स्वयंसेवक. वैद्य नव्हे, नातलग नव्हे, मोबदला घेणारा तर नव्हेच. अशा कामासाठी गृहिणी, निवृत्त अधिकारी, शिक्षक अशी साधी माणसे येतात, आणि त्यांना आधी शिकवले जाते ते काय बोलावे हे नव्हे, तर काय बोलू नये हे. ‘त्यात काय एवढे’ म्हणू नये. ‘माझ्याही बाबतीत असेच झाले होते’ असे सांगून समोरच्याचे दुःख आपल्याकडे ओढून घेऊ नये. समोरचा थांबला तर ती शांतता घाईने भरून काढू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, असे स्पष्ट विचारल्याने तो विचार रुजत नाही; उलट ते विचारणारा कोणीतरी भेटला याचाच आधार वाटतो. हे सारे ऐकायला सोपे आहे. परंतु ज्या समाजात वडीलधाऱ्याने उपदेश करायचा आणि धाकट्याने मान डोलवायची अशी बोलण्याची रीत आहे, तेथे चाळीस-पन्नास वर्षांची सवय मोडणे हे एखादी नवी भाषा शिकण्यापेक्षा कठीण असते.

मराठीत आजाऱ्याच्या सेवेला ‘शुश्रूषा’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. गुरूजवळ राहून त्याचे ऐकू इच्छिणारा शिष्य त्याची सेवाही करी, म्हणून ऐकण्याचा अर्थ पुढे सेवेकडे वळला. आजाऱ्याच्या अंथरुणापाशी येईपर्यंत त्या शब्दातील ऐकणे पुसट झाले आणि पाय चेपणे, पथ्य सांभाळणे एवढेच उरले. मनाच्या आजाराने या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत दिला आहे. येथे औषध वेळेवर देण्याइतकेच ऐकणे हीही सेवा आहे.

आईच्या वाट्याला मात्र पुष्कळ काळ ऐकण्याऐवजी ऐकून घेणेच आले. स्वमग्नता हा रूढ अर्थाने मनोविकार नव्हे. ती मेंदूच्या वाढीची एक निराळी तऱ्हा आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी तिचे वर्णन केले, आणि त्यानंतरची दोन दशके पाश्चात्त्य तज्ज्ञांतील अनेकांनी तिचा दोष आईच्या थंडपणावर ठेवला. आई बर्फासारखी, म्हणून मूल दगडासारखे, असा तो न्याय होता. या मताला १९६४ साली ग्रंथरूपाने आव्हान दिले ते बर्नार्ड रिमलंड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही होते. भारतात आईला दोष देण्यासाठी तज्ज्ञांची गरज कधीच नव्हती. गरोदरपणातल्या ग्रहणापासून नोकरीपर्यंतची कारणे सासरच्या ओसरीवरच तयार असत.

दिल्लीत १९९१ साली मेरी बरुआ या आईने ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ या संस्थेचा पाया घातला. त्यांचा मुलगा स्वमग्न होता, आणि त्या काळी भारतातील बहुसंख्य डॉक्टरांनाही या स्थितीची नीट ओळख नव्हती. १९९४ साली संस्थेने ‘ओपन डोअर’ ही शाळा सुरू केली. पुढे या संस्थेचे विशेष काम ठरले ते पालकांना शिकवण्याचे. दूरदूरच्या गावांहून आई आपल्या मुलासह दिल्लीला येते, आसपास खोली घेऊन काही आठवडे राहते, आणि त्या काळात मुलाला शिकवायचे कसे हे ती स्वतः शिकते. अमृतसरचा तंबू जणू निराळ्या रूपात पुन्हा उभा राहिला. मुलाने नजर चुकवणे हा रुसवा नव्हे, एकच वाक्य शंभरदा म्हणणे हा हट्ट नव्हे, कानांवर हात ठेवणे हा उद्धटपणा नव्हे, हे कळल्यावर मूल बदलण्याआधी आईच्या डोळ्यांतील मूल बदलते. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि त्यामागे अशा पालकांचा रेटा होता.

घरानंतर दुसरे ठिकाण शाळा. मुलाच्या मनातील पडझड पुष्कळदा आईबापांच्याही आधी शिक्षिकेला दिसते. अक्षर बिघडते, डबा तसाच परत जातो, पहिल्या बाकावरचे मूल शेवटच्या बाकावर सरकते. पन्नास मुलांच्या वर्गात तिला हे दिसते. पण दिसलेल्याचे काय करायचे हे बी.एड.च्या वर्गात तिला कोणी सांगितलेले नसते. मग ती तिला ठाऊक असलेला एकच उपाय करते. वहीत लाल शाईने शेरा लिहिते आणि पालकांना बोलावणे धाडते.

यावर उपाय म्हणून शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, असे सर्वांनाच सुचते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९९८ साली परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांसाठी दूरध्वनीवरून समुपदेशन सुरू केले. पुढे शाळांत समुपदेशक नेमण्याचे आदेश निघाले, २०२० च्या महासाथीत ‘मनोदर्पण’ हा उपक्रम आला, २०२२ च्या ऑक्टोबरपासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही दूरध्वनीसेवा देशभर सुरू झाली. परंतु प्रशिक्षण हा शब्द मंत्रासारखा वापरणाऱ्यांनी दोन प्रयोगांकडे पाहायला हवे. दोन्हींमागे गोव्यात १९९६ साली स्थापन झालेली ‘संगत’ ही संस्था होती. पहिला बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७० हून अधिक शाळांत झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. शाळेचे एकूण वातावरण सुधारण्याचा तोच कार्यक्रम काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, वर्गात न शिकवणाऱ्या तरुण समुपदेशकांनी राबवला आणि काही शाळांत तेथील शिक्षकांनीच. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई आणि नैराश्य कमी झाले. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत मात्र तसा फरक दिसला नाही.

शिक्षकांच्या निंदेसाठी हा पुरावा वापरणे अन्यायाचे होईल. जो माणूस गुण देतो, हजेरी मांडतो, जनगणनेला आणि मतदानाच्या कामाला जातो, ज्याच्या हातात कालपर्यंत छडी होती, त्याच्यापाशी मुलाने आज मन मोकळे करावे ही अपेक्षाच भाबडी आहे. शिवाय त्या शिक्षकालाही मन असते. प्रशिक्षणाच्या तक्त्यात मुलाच्या ताणाची लक्षणे लिहिलेली असतात. ती वाचताना कित्येक शिक्षिकांना ती स्वतःच्याच ठिकाणी दिसतात, आणि तक्ता गुंडाळून ठेवताना त्या गप्प होतात.

दुसरा प्रयोग दिल्लीतीलच ६ सरकारी शाळांत २०१८ साली झाला. सुमारे २५० विद्यार्थी त्यात होते. अर्ध्यांना केवळ चित्रमय पुस्तिका देण्यात आल्या. उरलेल्यांना त्या पुस्तिकांबरोबर थोडक्या शिक्षणाने तयार केलेल्या समुपदेशकांशी चार-पाच भेटींत बोलण्याची संधी मिळाली. आपली अडचण कोणती, तिला पर्याय कोणते, त्यांतला कोणता करून पाहायचा, एवढीच त्या बोलण्याची पायरी होती. सहा आठवड्यांनंतर ठरावीक प्रश्नावलीने मोजलेल्या लक्षणांत दोन्ही गटांत ठळक अंतर आढळले नाही. पण ज्या अडचणी मुलांनी स्वतःच्या शब्दांत ‘माझा त्रास’ म्हणून सांगितल्या होत्या, त्या समुपदेशन मिळालेल्यांच्या बाबतीत अधिक हलक्या झाल्या होत्या. तज्ज्ञाची मोजपट्टी आणि मुलाचे स्वतःचे शब्द यांत कोणाचे प्रमाण मानावे, हा प्रश्न विद्वानांनी सोडवावा. ज्याचे दुखते त्याच्या शब्दांना अशा मोजणीत जागा मिळाली, ही गोष्ट मात्र लहान नव्हे.

या सगळ्या वाटचालीत एक शंका सतत सोबत असते, आणि ती दडवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जे काम शासनाने आणि तज्ज्ञांनी करायचे, ते आईच्या आणि शिक्षिकेच्या अंगावर टाकून देण्याचे हे एक सोज्वळ निमित्त तर नव्हे? रुग्णालये अपुरी, डॉक्टर थोडे, म्हणून घराला शिकवा. आणि घर म्हणजे अखेर घरातील एक स्त्री. तिने नोकरी सोडायची, तिने औषधांच्या वेळा पाळायच्या, आता तिने ऐकण्याचे शास्त्रही शिकायचे. शंका खरी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला, माणसाला साखळीने बांधणे निषिद्ध ठरवले. तो २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. घराचे शिक्षण या हक्काच्या बदल्यात देता येत नाही. ते हक्काच्या जोडीनेच द्यावे लागते, आणि ज्याला शिकवले त्याला आधारही द्यावा लागतो. आधाराविना दिलेले ज्ञान हे नव्या ओझ्यासारखे असते.

या बाबतीत मराठी समाजाने देशाला सांगावे असे काही केले आहे. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली. पुण्यात १९९७ साली ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन झाली; कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले, मूळचे धुळे जिल्ह्याचे जगन्नाथ वाणी यांची प्रेरणा तिच्यामागे होती आणि तिचे मूळ त्यांच्या स्वतःच्या घरातील अनुभवात होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही वाणींच्याच पाठबळावर निघाला, आणि त्यात आजारी भावाइतकीच त्याला सांभाळणारी बहीणही महत्त्वाची आहे. अशा संस्थांच्या वर्तुळात दोन शब्द रूढ झाले. आजार असलेला तो ‘शुभार्थी’, आणि त्याला सांभाळणारा तो ‘शुभंकर’. पहिल्या शब्दात कणव नाही, दुसऱ्यात त्यागाचा बडेजाव नाही. उशाशी बसलेल्या माणसाला अखेर भाषेने एक नाव दिले. नाव मिळाल्यावर त्याचा मेळावा भरवता येतो, त्याचे दुखणे विचारता येते, त्याच्या वतीने काही मागता येते.

दिल्लीत असो की पुण्यात, शुभंकरांच्या बैठकीचे स्वरूप सारखेच असते. सतरंजीवर किंवा प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दहाबारा माणसे गोलाकार बसतात. नवीन आलेली व्यक्ती बहुधा दाराजवळची जागा धरते. तिची पाळी आली की ती मुलाबद्दल सांगू लागते: तो किती वाजता झोपतो, किती वेळा उठतो, कोणती गोळी सुरू आहे, मागच्या महिन्यात काय झाले. तिला सारे तोंडपाठ असते, कारण कित्येक वर्षे डॉक्टरांच्या टेबलासमोर तिला हेच विचारले गेलेले असते. तिचे सांगून संपते. मग समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी, जिने स्वतः ही वाट आधी तुडवलेली असते अशी, तिला विचारते, ‘आणि ताई, तुमची झोप होते का?’

या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर तयार नसते. ती थोडा वेळ काही बोलत नाही, आणि बैठकीतील कोणीही ती शांतता भरून काढण्याची घाई करत नाही.